ट्रकच्या टर्बोवर मारुती ८०० चालेल का?

प्रश्न सांगलीतल्या मेकॅनिकल डिप्लोमाच्या एका विद्यार्थ्याचा आहे. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, चौघांचा गट. भंगारातून ट्रकचा टर्बो मिळतोय, इंजिन गेलेली मारुती ८०० मिळतेय. टर्बो म्हणजे इंजिनच्या धुरावर फिरणारं टर्बाइनचं चाक आणि त्याच शाफ्टवरचं हवा दाबणारं कॉम्प्रेसरचं चाक; दोन्हींच्या मध्ये इंधन जाळायला कक्ष बसवला की त्याचं छोटं गॅस टर्बाइन इंजिन होतं. असं टर्बोपासून टर्बाइन इंजिन करायचं, गाडीत बसवायचं आणि इथेनॉलवर चालवायचं असा बेत. पुढे विचारलंय: "कोयनेला टर्बाइन, साखर कारखान्यात टर्बाइन, विमानात टर्बाइन. मग गाडीतच का नाही? आणि मायलेज किती पडेल?"

मायलेजचं आधी सांगतो, कारण बाकी सगळं त्यातूनच कळतं. डिझेल धरलं तर लिटरला तीन किलोमीटरच्या आसपास, तेही सपाट रस्त्यावर ताशी साठच्या वेगानं. इथेनॉलवर दोनच्याही खाली. टर्बोचं इंजिन चालू नक्की होईल, तुमच्यासारख्यांच्या हातून होण्याजोगं काम आहे ते. गाडी हलवण्यासाठी मात्र वेगळी पॉवर टर्बाइन (टर्बोतून निघणाऱ्या वायूवर फिरून चाकं ओढणारी दुसरी टर्बाइन) आणि मिनिटाला काही दहा हजार फेऱ्यांवर टिकणारा गिअरबॉक्स लागतो. तो कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये होणार नाही, बाहेरून करून घेतला तर प्रोजेक्टचं बजेट त्यातच संपेल. म्हणून इंजिन टेबलावरच चालवा आणि नीट मोजा, गाडीचा विचार मागाहून.

खालचे आकडे टर्बो कोणता यावर अवलंबून आहेत. मी ६० मिमी इंड्युसरचा, साध्या जर्नल बेअरिंगचा (शाफ्ट तेलाच्या थरावर फिरतो तो), वेन म्हणजे टर्बाइनच्या तोंडाशी वायू वळवणारी हलती पाती नसलेला जुना ट्रक टर्बो धरलाय. इंड्युसर म्हणजे कॉम्प्रेसरच्या चाकाचा हवा आत घेणाऱ्या तोंडाकडचा व्यास. तुमचा टर्बो लहान-मोठा असेल तर आकडे बदलतील, हिशोबाची रीत तीच.

कोयनेचं आणि कारखान्याचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं, कारण खरी मेख तिथंच आहे. कोयनेला पाणी पावसानं वर नेऊन ठेवलेलं असतं. दाब फुकटात मिळतो. कारखान्यात वाफेची टर्बाइन चालते, पण दाब चढवायचा असतो तो पाण्यावर, वाफेवर नाही. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे ६७ बारच्या बॉयलरला पाणी ढकलायला फीड पंपाला किलोमागे १० किलोज्यूलच्या आसपास लागतात आणि तेच पाणी वाफ होऊन टर्बाइनमध्ये काही शे किलोज्यूल देतं. शंभरातले एक-दोन रुपये खर्चून उरलेले खिशात, असा तो व्यवहार. गॅस टर्बाइनमध्ये दाबायची असते हवा. हवा दाबताना तापते आणि भरपूर काम खाते. टर्बाइननं जे कमावलं त्यातला मोठा वाटा त्याच शाफ्टवरचा कॉम्प्रेसर परत घेऊन जातो. मोठ्या, चांगल्या यंत्रात हा वाटा निम्म्याच्या आसपास असतो. ट्रकच्या टर्बोत किती, ते आकड्यांत पाहू.

सांगलीची दुपार धरा, हवा ३५ अंशांची. कॉम्प्रेसर दाब अडीच पट करतो, त्याची कार्यक्षमता ७२ टक्के. हवेचं तापमान सुमारे १२८ अंशांनी वाढतं, म्हणजे किलोमागे १२९ किलोज्यूल खर्च. ज्वलनकक्षात दाब पाच टक्के पडतो. टर्बाइनच्या तोंडाशी ७५० अंश, कारण डिझेल टर्बोचं चाक आणि हाउसिंग सलग चालवायला याच्यावर जाऊ नये. टर्बाइनची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर वायू वातावरणाच्या दाबापर्यंत प्रसरण पावताना किलोमागे १५९ किलोज्यूल देतो. १५९ मधून १२९ गेले, उरले ३०. त्यातून बेअरिंगचं घर्षण वजा करा, हातात २७. सेकंदाला ०.३ किलो हवा धरली तर शक्ती साधारण ८ किलोवॉट, म्हणजे जेमतेम ११ अश्वशक्ती. तेवढ्यासाठी दर किलो हवेला जवळपास ६६५ किलोज्यूल उष्णता द्यावी लागते. कार्यक्षमता चार टक्के.

इंधन ताशी १६ ते १७ किलो, डिझेलमध्ये मोजलं तर २० लिटर. लहान गाडीला सपाटीवर साठच्या वेगाला ८ किलोवॉट पुरावेत. तासात ६० किलोमीटर, २० लिटर. तीनचा आकडा तिथून आला. तेवढीच शक्ती पेट्रोल इंजिन ताशी साडेतीन-चार लिटरमध्ये देतं. ८०० चं मूळ कार्बोरेटरवालं इंजिन ३७ अश्वशक्तीचं होतं, हेही लक्षात असू द्या.

या हिशोबात कार्यक्षमतेच्या एकेका टक्क्याला किती किंमत आहे ते बघा. कॉम्प्रेसरची ७२ ऐवजी ६९ टक्के धरा. त्याचा खर्च १२९ वरून १३४ च्या वर जातो, आणि हाती उरलेले २७ होतात साधारण २१. तीन टक्के घसरणीत पाचवा हिस्सा शक्ती गेली. दोन मोठे आकडे एकमेकांतून वजा करून छोटा आकडा मिळवायचा असेल तर हे होणारच. मळलेलं कॉम्प्रेसर चाक, चोंदलेला एअर फिल्टर, कुठल्यातरी फ्लँजला गळती, असल्या बारीकसारीक गोष्टींनी पिस्टन इंजिन थोडं मंदावतं. छोटी टर्बाइन स्वतःचं स्वतःला चालवूही शकत नाही.

विमानात हेच गणित जमतं, कारण तिथं सगळ्या गोष्टी उलट्या असतात. वर हवा उणे पन्नास अंशांच्या आसपास, म्हणजे दाबायला सोपी. दाबाचं गुणोत्तर आजच्या मोठ्या इंजिनांत चाळीसच्या घरात. पाती आतून हवा खेळवून थंड ठेवलेली, त्यामुळे तापमान आपल्या दुपटीच्या आसपास नेता येतं. आणि आकार. पात्याचं टोक आणि भिंत यांत ०.३ मिमी फट ठेवावीच लागते. पातं १०० मिमी उंच असेल तर ती नगण्य, १० मिमीचं असेल तर तीन टक्के वायू काम न करताच निसटला. टर्बाइन लहान केली की फट त्या प्रमाणात लहान होत नाही. शिवाय विमान तासन् तास एकाच वेगानं उडतं, आणि कारखान्याची टर्बाइनही हंगामभर जवळपास एकाच भारावर फिरते.

गाडीचं तसं नाही. विश्रामबागचा चौक घ्या किंवा साताऱ्याचा पोवई नाका. गाडी थांबते, सरकते, पुन्हा थांबते. पिस्टन इंजिन निष्क्रिय चालताना अगदी थोडं पितं. टर्बाइनला मात्र निव्वळ जिवंत राहायलाच पूर्ण वेगाच्या चाळीस-पन्नास टक्क्यांवर फिरत राहावं लागतं, आणि पूर्ण भाराच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतकं इंधन ती सिग्नलला उभ्या उभ्या जाळते. गाडीचं बहुतेक आयुष्य तिच्या शक्तीच्या दहा-वीस टक्क्यांवर जातं आणि टर्बाइन नेमकी तिथंच सर्वांत वाईट. दाब कमी, तापमान कमी, कार्यक्षमता तळाला. माझ्या मते टर्बाइन गाडीच्या आड सर्वांत जास्त येतं ते हेच; आवाज, किंमत वगैरे त्याच्यानंतर.

तरी लोकांनी या गाड्या केल्या आणि चांगल्या केल्या. ब्रिटनच्या रोव्हरनं १९५० मध्ये जेट-१ दाखवली. १९५२ मध्ये बेल्जियममध्ये ती ताशी २४० किलोमीटरच्या वर गेली, पण लिटरला दोन किलोमीटरच्या आसपास पीत होती. म्हणजे तुमच्या तीनबद्दल फार वाईट वाटून घेऊ नका. सर्वांत गंभीर प्रयत्न क्रायस्लरचा. त्यांनी ५० गाड्या १९६३ ते १९६६ या काळात २०३ सामान्य कुटुंबांना आळीपाळीनं रोजच्या वापरायला दिल्या. इंजिन १३० अश्वशक्तीचं, गॅस जनरेटरचा, म्हणजे कॉम्प्रेसर आणि त्याला फिरवणाऱ्या टर्बाइनचा, शाफ्ट मिनिटाला ४४,६०० फेऱ्यांपर्यंत. बाहेर फेकली जाणारी उष्णता परत पकडायला दोन फिरते रेजनरेटर होते: जाळीसारख्या चकत्या, मिनिटाला वीसएक फेऱ्यांनी फिरणाऱ्या, एका बाजूनं गरम धूर जातो आणि दुसऱ्या बाजूनं दाबलेली हवा तीच उष्णता घेऊन ज्वलनकक्षात शिरते. त्यामुळे धूर इतका निवायचा की मागं उभं राहायला हरकत नव्हती. रेजनरेटरनं किती फरक पडतो हे रोव्हरच्याच ला मांच्या शर्यतीतल्या गाडीवरून दिसतं. १९६३ ला ती त्याच्याशिवाय धावली, १९६५ ला सिरॅमिकच्या रेजनरेटरसह, आणि इंधनाचा खर्च जवळपास निम्म्यावर आला.

क्रायस्लरच्या वापरकर्त्यांना गुळगुळीतपणा आवडला, थंडीत लगेच सुरू होणं आवडलं. तक्रारी दोन मोठ्या होत्या. इंधन जास्त, आणि पाय दाबल्यावर एक-दीड सेकंद काहीच न घडणं. शाफ्टला वेग पकडायला तेवढा वेळ लागतोच. नंतर प्रदूषणाचे नियम आले तेव्हा नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा प्रश्न उभा राहिला, कारण रेजनरेटर जेवढा चांगला तेवढी ज्योतीत शिरणारी हवा गरम. बहुतेक गाड्या कंपनीनं स्वतःच मोडीत काढल्या, नऊ उरल्या.

घाटाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सातारा-सांगलीत गाडी चालवायची तर ते टाळता येणार नाही. मोकळ्या पॉवर टर्बाइनला इंजिन ब्रेकिंग जवळजवळ नसतं, कारण चाकं आणि कॉम्प्रेसर यांत फक्त वायू असतो, लोखंडी जोड नसतो. पसरणी घाट उतरताना दुसरा गिअर टाकून काही उपयोग नाही, सगळा भार ब्रेकच्या लायनरवर. क्रायस्लरनं यासाठी पॉवर टर्बाइनपुढच्या वेनचा कोन उलटा करण्याची सोय केली होती. आणि चढून महाबळेश्वरला पोचलात की तिथं, साडेतेराशे मीटरवर, हवा समुद्रसपाटीपेक्षा बारा-तेरा टक्के विरळ. शक्तीही साधारण त्याच प्रमाणात कमी.

आता इथेनॉल. टर्बाइन इंधनाच्या बाबतीत खरोखर उदार असते. ऑक्टेन नको, सिटेन नको, जळलं म्हणजे झालं. क्रायस्लरची गाडी मेक्सिकोत टकिलावर चालवून दाखवली होती. म्हणजे आपल्या कारखान्याच्या डिस्टिलरीतलं इथेनॉलही चालेल. पण किलोमागे उष्णता २७ मेगाज्यूलच्या आसपास, डिझेलची ४३. त्यामुळे वजनात दीडपटीहून जास्त लागेल, लिटरात मोजलं तर सुमारे १.७ पट, नोझल आणि पंप त्या मापाचे हवेत. त्याला वंगणाचा गुण नाही, डिझेलसाठीचा गिअर पंप त्यावर लवकर झिजतो. साधे रबरी ओ-रिंग फुगतात, व्हायटॉनचे घ्या. सर्वांत धोक्याचं म्हणजे इथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी जवळपास दिसत नाही. पाइप गळून पेटला तर हात भाजल्यावर कळेल. शिवाय स्पिरिट विकत घेऊन साठवायला राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी लागते. कॉलेजच्या नावानं अर्ज करा, खासगीत आणू नका. माझं म्हणणं, पहिली सुरुवात एलपीजीवर करा. वायू असल्यामुळे फवारणीची भानगड नाही, ज्योत स्वच्छ, आणि काही बिघडलं तर व्हॉल्व्ह बंद केल्यावर आत इंधन साठून राहत नाही.

टर्बो निवडताना भंगारवाल्याकडे कॉम्प्रेसरचं चाक हातानं फिरवून बघा. बाजूला थोडं हलणारच, तेलाच्या थरासाठी ती जागा ठेवलेली असते; पण हलवून दाबून फिरवलं तरी भिंतीला घासता कामा नये. शाफ्ट पुढे-मागे किती सरकतो ते मात्र डायल गेज लावून मोजा. साधारण ०.१ मिमीच्या वर गेला असेल तर थ्रस्ट बेअरिंग (शाफ्टला पुढे-मागे सरकू न देणारं) संपलंय, कोअर म्हणजे मधला बेअरिंगचा भाग उघडून किट बदलावं लागेल. पात्यांच्या कडा नखानं तपासा, एक जरी कोपरा उडालेला असेल तर तो टर्बो सोडा. असमतोल चाक लाखाच्या घरात फेऱ्या मारताना बेअरिंग खाऊन टाकतं. वेन असलेला नवा टर्बो नको, वेन अडकतात. वेस्टगेट (जादा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) असेल तर वेल्डिंग करून कायमचं बंद करा. ट्रकच्या टर्बोच्या टर्बाइनला बहुधा दोन तोंडं असतात, मध्ये भिंत. ज्वलनकक्षाचा जोड दोन्हींना सारखा वायू देईल असा बनवा, एकालाच दिलात तर निम्मी टर्बाइन उपाशी.

ज्वलनकक्षाची ढोबळ मापं इंड्युसरवरून काढतात. आतली फ्लेम ट्यूब व्यासाला दुप्पट आणि लांबीला सहापट, म्हणजे १२० मिमी आणि ३६० मिमी. स्टेनलेस ३१० चा दीड ते दोन मिमीचा पत्रा, नाहीच मिळाला तर ३०४. बाहेरचं कवच सहा इंची पाइप, आतून १५४ मिमीच्या आसपास येतो, भोवती १७ मिमीची फट राहते, ती पुरते. छिद्रांचं एकूण क्षेत्रफळ इंड्युसरच्या क्षेत्रफळाएवढं, म्हणजे २,८२७ चौरस मिमी. त्यातले तीस टक्के ज्योतीच्या मुळाशी: ६ मिमीची ३० छिद्रं. वीस टक्के मध्यावर: ८ मिमीची ११. उरलेले पन्नास टक्के शेवटाकडे, गरम वायूत थंड हवा मिसळायला: १६ मिमीची ७. मोठी छिद्रं आधी काढून मोकळे होऊ नका; लहानांपासून सुरुवात करा आणि गरज वाटली तर वाढवा, कारण पडलेलं छिद्र कमी करता येत नाही. ज्योत टर्बाइनपर्यंत ओढली जात असेल, हाउसिंगच्या तोंडातून पिवळी जीभ दिसत असेल, तर मुळाशी हवा कमी पडतेय किंवा ट्यूब आखूड आहे. पाइपला बुडं वेल्ड करणारा माणूस टिगचा चांगला कारागीर हवा. कुपवाडच्या एमआयडीसीत किंवा साताऱ्याच्या, असे मिळतात. कवच तयार झालं की पाणी भरून हातपंपानं ५ बारला अर्धा तास ठेवा. हवेनं तपासणी करायची नाही, फुटलं तर तुकडे उडतात.

तेलाकडे दुर्लक्ष झालं म्हणून जेवढे असे टर्बो गेले तेवढे दुसऱ्या कशानं नसतील. वेगळ्या विजेच्या मोटरवर गिअर पंप, दाब २ ते ३ बार, मध्ये फिल्टर आणि छोटा कूलर. दाबाचा स्विच थेट इंधनाच्या सोलेनॉइडला (विजेवर उघडमिट होणाऱ्या व्हॉल्व्हला) जोडा: तेल गेलं की इंधन बंद, माणसाच्या लक्षात येण्याची वाट बघायची नाही. परतीचा पाइप जाड, निदान २० मिमी, आणि सरळ खाली उतरणारा. त्यात वळण घातलंत किंवा टाकी वर ठेवलीत तर तेल कोअरमध्ये तुंबतं आणि सीलमधून टर्बाइनकडे जातं. मग पांढरा धूर येतो आणि सगळे म्हणतात टर्बो खराब निघाला. टर्बो चांगला असतो, पाइप चुकलेला असतो.

सुरू करण्याचा क्रम पाठ करून घ्या. आधी तेल. मग ब्लोअरनं कॉम्प्रेसरच्या तोंडात हवा, शाफ्ट चांगला गरगरू द्या. मग ठिणगी, मोटारसायकलचा स्पार्क प्लग आणि कॉइल पुरते. मग थोडा गॅस. ज्योत धरल्याचा आवाज येतो, टर्बाइनपुढचं तापमान चढायला लागतं. ब्लोअर चालूच ठेवून गॅस हळूहळू वाढवा, कॉम्प्रेसरचा दाब ०.२ बारच्या वर जाऊन स्थिर झाला की मगच ब्लोअर काढा. घाई इथंच होते. शाफ्ट अजून हळू आहे, हवा कमी आहे आणि गॅस जास्त, अशा वेळी तापमान काही सेकंदांत ९०० च्या पलीकडे जातं. के प्रकारचं थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) टर्बाइनच्या तोंडाशी हवंच, आणि एक जण फक्त त्या आकड्याकडे बघणारा हवा. ८०० दिसले की गॅस तोडायचा, चर्चा नंतर. द्रव इंधनावर गेलात की आणखी एक धोका: पहिल्या प्रयत्नात पेटलं नाही तर आत इंधनाचं तळं साठतं, आणि दुसऱ्या प्रयत्नात ते एकदम पेटून मागनं भडका निघतो. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नानंतर कक्षाच्या तळाचा निचरा उघडा आणि मिनिटभर नुसती हवा सोडा.

बंद करताना गॅस तोडून लगेच निघून जायचं नाही. ब्लोअर आणि तेल, दोन्ही तापमान १५० च्या खाली येईपर्यंत चालू. नाहीतर टर्बाइनची उष्णता शाफ्टनं बेअरिंगकडे सरकते, तेल जळून कार्बन धरतं आणि पुढच्या वेळी शाफ्ट सीज.

एलपीजी घरगुती सिलिंडरमधून घ्यायचा नाही, ते बेकायदा आहे. १९ किलोचा व्यावसायिक घ्या, पण पूर्ण भाराला ताशी १६ किलो वायू एका सिलिंडरमधून निघत नाही. आतलं द्रव उकळताना थंड होतं, बाहेर बर्फ धरतो, दाब पडतो आणि इंजिन मधेच विझतं. बहुतेक गट बर्नरमध्ये दोष शोधत बसतात. दोष सिलिंडरच्या अंगावर बर्फाच्या रूपात दिसत असतो. दोन सिलिंडर समांतर जोडा, कोमट पाण्याच्या टबात ठेवा, पाणी ४० अंशांच्या आत. चाचणी पाच मिनिटांच्या पुढे नेऊ नका. परतीची ज्योत अडवणारा व्हॉल्व्ह प्रत्येक सिलिंडरला.

सुरक्षितपणाबद्दल एकच नियम ठळक ठेवा: चाकांच्या फिरण्याच्या प्रतलात कुणी उभं राहायचं नाही. ८५ मिमी चाकाच्या कडेचा वेग सेकंदाला ४५० मीटर ठेवायचा म्हटलं तरी फेऱ्या मिनिटाला लाखभर होतात. चाक फुटलं तर तुकडा आडवा जातो, पुढे-मागे नाही. टर्बोच्या दोन्ही बाजूंना ६ मिमीची लोखंडी प्लेट उभी करा, गेज लांब पाइपनं आणि वायरनं पलीकडे न्या. कॉम्प्रेसरच्या तोंडाला जाळी, चिंधीपासून नटापर्यंत काहीही आत ओढलं जातं.

आता मोजमाप, ज्यावर तुमचे मार्क अवलंबून आहेत. इथं एक चूक जवळपास प्रत्येक रिपोर्टमध्ये असते. गेजवर ०.७६ बार दिसला की मुलं त्यात समुद्रसपाटीवरचा वातावरणाचा दाब, १.०१३, मिळवून त्यानंच भागाकार करतात. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथं वातावरणाचा दाब ०.९५ बारच्या आसपास. म्हणजे ०.९५ अधिक ०.७६, भागिले ०.९५, गुणोत्तर १.८ येतं, १.७५ नाही. या गुणोत्तराला ३२ अंशांची हवा आदर्श कॉम्प्रेसरमध्ये ५६ अंशांनी तापली असती. तुमचं थर्मोकपल कॉम्प्रेसरनंतर ११२ दाखवत असेल तर प्रत्यक्षात ८० नं तापली, म्हणून कार्यक्षमता ५६ भागिले ८०, सत्तर टक्के. टर्बाइनची उष्णता कॉम्प्रेसरच्या हाउसिंगपर्यंत झिरपते आणि हा आकडा वाईट दाखवते, तेव्हा मधे पत्र्याचा आडोसा ठेवा. इंधन मोजायला फ्लोमीटर विकत आणू नका, सिलिंडरचा टब वजनकाट्यावर ठेवून दर मिनिटाला वजन लिहा. हवेसाठी कर्णा फुंकल्यासारखं गोल तोंड बसवून त्याच्या गळ्याशी पाण्याचा मॅनोमीटर. एवढ्यावर प्रत्येक वेगाला हवा-इंधनाचं प्रमाण, दोन्ही कार्यक्षमता आणि निष्क्रिय चालतानाचा खर्च निघतो. शेवटचा आलेख सर्वांत महत्त्वाचा: भार आडवा, प्रति किलोवॉट इंधन उभं. शक्ती प्रत्यक्ष मोजता येणार नाही, पण बाहेर पडणाऱ्या वायूत उरलेली कामाची क्षमता दाब-तापमानावरून काढता येते. गाडीत टर्बाइन का चालली नाही ते परीक्षकांना त्या एका रेषेत दिसेल.

गाडीचा मोह सुटतच नसेल तर टर्बाइनला चाकं जोडायचं सोडून द्या आणि तिच्यावर जनरेटर लावून बॅटरी भरण्याचा विचार करा. मग ती एकाच वेगावर, एकाच भारावर चालते आणि सिग्नलचा प्रश्नच मिटतो. कॅपस्टोनची ३० किलोवॉटची मायक्रोटर्बाइन अशीच आहे: मिनिटाला ९६,००० फेऱ्या, तेल नाही, हवेवर तरंगणारे बेअरिंग, उष्णता परत घेणारा रिक्युपरेटर, आणि विजेची कार्यक्षमता २६ टक्क्यांच्या आसपास. जॅग्वारनं २०१० मध्ये सी-एक्स७५ ही संकल्पना गाडी दोन ७० किलोवॉटच्या टर्बाइनांसह दाखवली. पुढे चालत्या नमुन्यात मात्र १.६ लिटरचं पिस्टन इंजिन आलं, यावरून काय ते समजा. तुमच्या चार टक्क्यांच्या टर्बोवर जनरेटर लावून उपयोग नाही, त्यावर लाख फेऱ्यांचा अल्टरनेटर कुठून आणणार हा प्रश्न वेगळाच.

धुळीचंही सांगतो, नाहीतर पहिल्याच आठवड्यात चाक खरवडेल. ८०० चं इंजिन पूर्ण वेगाला ताशी शंभर घनमीटरच्या आसपास हवा घेतं. तुमचा टर्बो तिसऱ्या हिश्श्याहून कमी शक्तीसाठी साडेनऊशे घनमीटर ओढेल. गाडीचा फिल्टर त्याला रुमालाएवढाही नाही. ट्रकचे दोन मोठे फिल्टर समांतर लावा, आणि ऊस हंगामात वर्कशॉपजवळ बगॅसचा भुसा उडत असेल तर चाचणी दुसरीकडे घ्या.

आरटीओचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. एमएच-१० ची जुनी पाटी लावून मिरज रोडला एक फेरी मारून बघू, असं मनात असेल तर ते सोडा. कॉलेजच्या आवारातसुद्धा अग्निशामक, मोकळी जागा आणि प्राचार्यांची लेखी परवानगी असल्याशिवाय नको.

आता पुढचं काम. टर्बो विकत घेण्याआधी त्याच्यावरची पाटी, इंड्युसरचा व्यास, थ्रस्ट प्ले (शाफ्टचं पुढे-मागे सरकणं) आणि टर्बाइन हाउसिंगच्या तोंडाचं माप लिहून पाठवा. हाउसिंग फार बारीक असेल तर कॉम्प्रेसर सर्ज होऊन, म्हणजे हवा उलटी फिरून, भकभक करतो, फार मोकळं असेल तर टर्बाइन तापते पण वेग घेत नाही. ते चार आकडे आले की तुमच्या टर्बोसाठी छिद्रांचं माप काढून देतो, तोवर पत्रा कापू नका.